एकेचाळीस नंबरची छाती

पिठाच्या डब्याचं झाकण प्रणालीच्या हातातून निसटलं आणि फरशीवर गरगर फिरत भिंतीला जाऊन टेकलं. तोवर घर शांत होतं. पहाटेपासून अर्धा तास धर्मपाल खोकला नव्हता. तेवढ्या वेळात तिनं चुलीत पऱ्हाट्या सारल्या होत्या, चहाचं आंधण ठेवलं होतं, पावलं न वाजवता बाहेरून पाणी आणलं होतं. आता ती डबा पोटाशी धरून नुसती उभी राहिली.

आतल्या खोलीत गोधडी हलली. आधी एक बारीक शीळ आली, मग खोकला.

"उठवलं ना माह्या पोराले," चुलीजवळ हात शेकत बसलेली गोदाबाई म्हणाली.

"हातातून सुटलं, आत्याबाई."

"सुटनच. तुहं लक्ष कुठी असते?"

प्रणाली आत गेली. धर्मपाल गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. खांदे वर उचललेले, आणि दर श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत आत जात होता. त्याच्या पाठीला चिकटून पाच वर्षांची मितू झोपली होती. या आवाजानं ती कधी उठत नसे. प्रणालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुपात ज्वारी सरकावी तसं काहीतरी हाताखाली सरकत होतं.

"राहू दे," तो म्हणाला. दोन श्वास घेऊन पुढचं बोलला, "जिनचा भोंगा... होईन आता."

"आजच्या दिवस नका जाऊ."

"मंग टोकन कोन सांभाळन? तू?"

तो हसला. हसला की पुन्हा खोकला येई, म्हणून तो हल्ली तोंड मिटून हसायचा, नुसते डोळे बारीक करून. लग्नाच्या वेळी हा माणूस एका खांद्यावर ज्वारीचं पोतं आणि दुसऱ्या खांद्यावर आपल्या भाच्याला घेऊन नाचला होता. तिला ते आठवायचं नव्हतं. तिनं त्याच्या हातात चहा दिला आणि मितूच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

*

कापसाची जिन गावापासून दीड कोसावर, धामणगावच्या रस्त्याला होती. दोघंही तिथंच कामाला. ती बायांच्या रांगेत रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या मशीनवर, कापूस लावायची. तो बाहेर अंगणात गंजीवर, मेटाडोरमधून उतरलेला कापूस ओढून पाइपाच्या तोंडाशी लोटायचा. बाहेर वारा असे. आतल्यापेक्षा बाहेर बरं होतं.

त्या साली बोंडअळीनं सगळी पऱ्हाटी खाल्ली होती. येत होता तो कापूस पिवळा, किडका, बोंडाच्या टरफलासकट. असल्या कापसाला सगळे कवडी म्हणत. कवडी रेच्यात गेली की रुई कमी आणि भुकटी जास्त निघायची. दुपारपर्यंत बायांच्या भुवया पांढऱ्या होत. नाकाला दुपट्टा बांधला तरी घशात कुसळ बसे. मग गुळाचा खडा चघळायचा. गूळ छातीतला कचरा खाली नेतो, असं सगळ्या म्हणत.

"पाय व प्रणाली," शेजारच्या रेच्यावरची दुर्गाबाई ओरडून म्हणाली. ओरडल्याशिवाय तिथं काही ऐकूच येत नसे. "मी म्हातारी झाली का नाई एका दिवसात? सकाळी काये केस घेऊन आली होती."

"तुमी सकाळी बी म्हातारीच होत्या, बाई."

"मुडदा बशिवला तुहा!" दुर्गाबाई हसली, आणि हसता हसता वाकून खोकत राहिली.

कापूस थोडा म्हणून यंदा हंगामही थोडा होता. दिवाळीनंतर दोनच पाळ्या. तिसऱ्या पाळीचे लोक रोज फाटकाशी येऊन उभे राहत. कुणाची जागा रिकामी होते का ते बघत. म्हणून कुणी जागा रिकामी सोडत नसे. ताप आला, घरी मयत झाली, बाई बाळंत झाली, तर भाऊ, नणंद, शेजारी, कुणीही येऊन त्या टोकनवर उभं राही. त्याला बदली देणं म्हणत. मुकादमाला माणसाशी घेणंदेणं नव्हतं. टोकनाच्या नंबरासमोर दोन हात दिसले की पुरे. प्रणालीच्या बाळंतपणात तिची नणंद तीन महिने तिच्या टोकनवर उभी होती. मुकादम तिलाही प्रणालीच म्हणायचा.

त्या सोमवारी पाळी सुटताना मुकादम महादेवराव फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. गालात तंबाखूचा खर्रा. त्यानं हात वर केला.

"आइका बे सारे. परवा बुधवारी डाक्टरची गाडी येऊन राहिली. अमरावतीवरून. मशीन घेऊन येते. एकेकाच्या छातीचा आवाज त्या मशीनमदी भरून नेते. टोकन घेऊन लाइनीत लागाचं."

"कायले?" कुणीतरी विचारलं.

महादेवराव बाजूला पिंक टाकून म्हणाला, "कायले म्हणजे? ज्याची छाती वाजते, ते समजन. खराब छातीचा मानूस जिनमदी ठेवता येत नाई. उद्या इथंच मेला त मालक जाईन का जेलात?"

धर्मपाल प्रणालीच्या मागं उभा होता. त्यानं खोकला तोंडात धरून ठेवला होता. तिला तो न ऐकताही कळत होता.

*

"मी जातो बुधवारी," घरी आल्यावर तो म्हणाला. "मशीन का देव हाय? दम धरून बसतो दोन मिनिटं."

"दम धरता येते तुमाले?"

त्यानं भिंतीला पाठ टेकली. गोदाबाई ताटात भाकर कुस्करत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "बदली द्या ना."

"छातीची बदली?" धर्मपालचे डोळे बारीक झाले. "किरायानं आनू का छाती?"

"हातापायाची चालते, मंग छातीची काहून नाई? टोकन दाखवाचं, बसाचं. त्याइले का माहीत तू कोन हायस?"

प्रणालीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिला एकदम हलकं वाटलं. इतकं सोपं होतं हे.

शफीक मागच्या गल्लीत राहायचा. जिनमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर तो कामाला होता, आणि उन्हाळ्यात लग्नसराईला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. एका दमात अख्खं कडवं. लोक त्याच्या फुगलेल्या गालांकडे बघायला थांबत. धर्मपालचा आणि त्याचा लहानपणापासूनचा जोड होता. प्रणाली गेली तेव्हा त्याची आई कुलसुमबी दारात लसूण सोलत बसली होती.

"आ बेटी, बैठ. धरमा कैसा है?"

प्रणालीनं उभ्याउभ्याच सांगितलं. सांगताना तिची नजर कुलसुमबीच्या हातातल्या लसणावर होती.

शफीक आतून बाहेर आला. "बस इतकंच? मले वाटलं वयनी पैसे मांगाले आल्या. छाती त काय, घेऊन जा. नाई तरी उन्हाळ्यापर्यंत रिकामीच हाय."

"सापडले त?"

"सापडत नाई. सकाळी माह्या नंबरवर, दुपारी धर्माभौच्या. शर्ट बदलून येतो. टोपी काढतो."

कुलसुमबी सोलायची थांबली. "झूठ बोलके दवा-दारू का काम नहीं करते, शफीक."

"अम्मी, हे दवा-दारू नाई. हे मुकादमाचं काम हाय."

*

बुधवारी वजनकाट्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं होतं. डॉक्टर दोघंच. एक तनवीर नावाचा तरुण, आणि त्याच्याबरोबर शिकणारी एक मुलगी. मशीन म्हणजे काहीच नव्हतं. पेढ्याएवढी एक गोल डबी, त्याला एक वायर, वायर मोबाइलला. डबी पाठीवर ठेवली की मोबाइलवर रेघ धावायची, शेतातल्या सरीसारखी वरखाली.

पण जिनच्या धडधडीत काही भरता येईना. तनवीर मुकादमाकडे गेला. थोडी हुज्जत झाली. शेवटी महादेवरावनं मशीन बंद करायला सांगितलं.

आणि सगळे गप्प झाले. इतक्या वर्षांत प्रणालीनं भर पाळीत जिन गप्प झालेली पाहिली नव्हती. पत्र्यावरची कबुतरं ऐकू येऊ लागली. बाया उगाच हळू बोलायला लागल्या, मयतीला आल्यासारख्या.

तिचा नंबर आला. तनवीरनं डबी पुसून तिच्या पाठीवर ठेवली. थंड लागली. "खोल श्वास घ्या ताई. सोडा. अजून एकदा." सहा जागी ठेवली, मग पुढून, डाव्या बाजूला. मग त्यानं कानातलं यंत्र काढून तिच्या पुढे धरलं. "ऐकायचं आहे?"

तिनं कानाला लावलं. आत कुणीतरी अनवाणी पावलांनी चालत होतं. धप धप, धप धप. न थांबता, न थकता. हे आपल्यात आहे, आणि आपण उठतो, भाकरी करतो, रेच्यावर उभं राहतो, तेव्हाही हे असंच चालत असतं. मितू पोटात होती तेव्हाही चाललं असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर तिच्या अंगाकडे कुणीच कान दिला नव्हता. धर्मपालनंसुद्धा नाही, आणि तिनं स्वतः तर नाहीच.

"चांगलं आहे," तनवीर म्हणाला. मोबाइलवर हिरवा ठिपका आला.

दुर्गाबाईच्या वेळी लाल आला. ती टेबलाचा कोपरा धरून उठली. "झालं माहं," ती प्रणालीजवळून जाताना म्हणाली. "उद्यापासून फाटकाबाहेर."

जेवणाच्या सुट्टीनंतर महादेवरावनं हाक दिली, "एकेचाळीस! धर्मपाल!"

धर्मपाल सरकीच्या ढिगामागं बसला होता. तोंडात दुपट्ट्याचा बोळा. शेडमध्ये शफीक पुढं आला. अंगावर धर्मपालचा निळा शर्ट, खांद्यात आखूड. सकाळी त्याला त्या मुलीनं तपासलं होतं, म्हणून आता तो तनवीरच्या टेबलाशी बसला. महादेवराव हातभर अंतरावर यादी घेऊन उभा होता. त्यानं शफीककडे बघितलं. चांगलं टक लावून बघितलं. मग खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि यादीवर खूण केली.

"वा," तनवीर म्हणाला. "अशी छाती आज पहिलीच. काय करता हो?"

"काही नाई, गंजीवर असतो," शफीकनं सांगितलं.

हिरवा ठिपका. प्रणाली शेडच्या खांबाला टेकून उभी होती. तिला वाटलं, आपण जिंकलो.

*

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या संस्थेची गाडी पुन्हा आली. लाल ठिपक्याची अकरा माणसं होती. त्यांना कुणी फाटकाबाहेर काढलं नाही. गाडीत बसवून अमरावतीला नेलं, एक्सरे काढले, संध्याकाळी परत आणून सोडलं. प्रत्येकाच्या हातात तोंडात ओढायचा पंप, औषधाची पिशवी, आणि मालकासाठी एक कागद. या माणसांना धुळीत ठेवू नये. बाहेर, उघड्यावर काम द्यावं. डॉक्टर दर महिन्याला फोनवरून विचारणार होते.

"मी त रडत होती व," दुर्गाबाई पंप हलवत म्हणाली. "अन् हे पाय. फुकट. आज पायऱ्या चढली त दम नाई लागला मले. बह्याडासारखी घाबरली होती."

प्रणाली हसली. हसताना तिची नजर गंजीवरच्या धर्मपालकडे गेली.

दुर्गाबाई आणि बाकीचे दहा बाहेर अंगणात आले. बाहेरच्यांपैकी कुणीतरी आत जायला हवं होतं. महादेवरावनं यादी काढली आणि हिरव्या ठिपक्याची दहा-अकरा नावं वाचली. एकेचाळीस त्यात होतं. त्याला कवडीच्या खोलीत टाकलं. तिथं खिडकी नव्हती. किडका कापूस पुन्हा झोडपायचा, टरफल वेगळं काढायचं. दिव्याचा बल्बसुद्धा भुकटीत पिवळ्या डागासारखा दिसे.

पहिल्याच आठवड्यात धर्मपाल महादेवरावपुढं जाऊन उभा राहिला. प्रणाली लांबून बघत होती.

"मालक, मले बाहीरच ठेवा. आत दम कोंडते."

"दम?" महादेवराव खुर्चीतच मागं रेलला. "तुही छाती त साऱ्या जिनमदी एक नंबर हाय बे. डाक्टरच म्हने. मी होतो ना तिथी उभा." तो हळू आवाजात पुढं म्हणाला, "का नाई म्हनतं? का दुसऱ्याची होती? तसं असन त सांग. मंग तुहं अन् त्या बँडवाल्याचं, दोघाइचं टोकन जमा करतो."

धर्मपाल मागं फिरला. कवडीच्या खोलीच्या दारात त्यानं दुपट्टा नाकावर बांधला. गाठ बांधायला त्याला फार वेळ लागला.

*

पौषात थंडी पडली. तो आता झोपत नसे. भिंतीला पोतं, पोत्याला उशी, उशीला पाठ, असा बसून डुलक्या घ्यायचा. मोरीपर्यंत जायला वाटेत एकदा खाली बसायचा. प्रणाली त्याला आंघोळ घालायची तेव्हा एक एक फासळी मोजून पुसता यायची. तो लाजायचा. "मितूसारखं कायले चोयतं मले?" म्हणायचा, आणि पुढचं वाक्य श्वासाअभावी तसंच राहायचं.

धामणगावच्या डॉक्टरनं सुया दिल्या, बाटली लावली. चार दिवस बरं वाटलं. मग परत कवडीची खोली.

एकदा प्रणाली दुर्गाबाईच्या दारात गेली. पदराखाली वाटीभर तुरीचं वरण होतं.

"बाई, तुमचा पंप... एकडाव दोन झुरके ओढू द्या ना त्याइले."

दुर्गाबाईनं वाटी घेतली. पंप दिला. त्या संध्याकाळी धर्मपालला तीन तास सलग झोप लागली, आणि प्रणाली त्याच्या उशाशी बसून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. तेव्हा दुर्गाबाई दारातच उभी राहिली.

"संपत आला व. महिनाभर पुरवा लागते मले. तुह्या नवऱ्याची त छाती साफ हाय म्हनते सारे."

ती वाईट बाई नव्हती. तिच्याही घरी तिचं खाणारी तीन तोंडं होती. प्रणाली वाटी तिथंच ठेवून परत आली.

त्या दिवशी शफीक घरी आला. खाटेच्या कडेला बसला. त्यानं धर्मपालचा पाय हातात घेतला आणि दाबत राहिला.

"मी जातो मुकादमाकडं," तो म्हणाला. "सांगतो, मी बसलो होतो म्हनून. जाऊ दे माहं टोकन."

"अन् अम्मीले... का बँड ऐकवतं... उपाशी पोटी?" धर्मपाल म्हणाला.

"मंग असाच पाहत राहू का तुह्याकडं?"

"पाय ना. दिसाले... का वाईट हाव का मी?"

शफीक उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. प्रणालीनं त्याला चहा नेऊन दिला. त्यानं तो घेतला, आणि तसाच हातात धरून निवू दिला.

महाशिवरात्रीच्या आधल्या दिवशी धर्मपाल कवडीच्या ढिगावरच पडला. चार जणांनी उचलून बाहेर आणला. महादेवरावनं त्याचं टोकन फाटकाशी उभ्या असलेल्या एका पोराला दिलं. यावेळी बदली म्हणून नाही.

*

होळीच्या चार दिवस आधी डॉक्टरांची गाडी पुन्हा तपासणीला येणार असं कळलं. प्रणालीनं गोदाबाईला सांगितलं, "मी नेतो त्याइले. खरं सांगतो डॉक्टरले."

"खरं सांगाचं होतं त तवाच सांगाचं," गोदाबाई म्हणाली. मग पदर तोंडाला लावून तिनं मान फिरवली. "म्याच म्हटलं होतं ना बदली द्या म्हनून. म्याच."

ऑटोत पुढं शफीक, मागं धर्मपालला धरून प्रणाली, आणि तिच्या मांडीवर मितू. मितूनं नवा फ्रॉक घातला होता. बाबा गावाला चालले म्हणजे नवा फ्रॉक घालायचा असतो, असं तिनंच ठरवलं होतं.

शेडमध्ये गर्दी नव्हती. कापूस संपत आला होता, त्या दिवशी रेचे बंदच होते. तनवीरनं धर्मपालला स्टुलावर बसवलं. डबी पाठीवर ठेवली. ऐकताना त्याचा चेहरा बदलत गेला. सहाऐवजी दहा जागी ठेवली. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला, चिमटा काढून परत लावला.

"टोकन नंबर?"

"एकेचाळीस," प्रणाली म्हणाली.

तनवीरनं मोबाइलवर काहीतरी काढलं. स्वतःच्या कानाला लावून ऐकलं. परत ऐकलं.

"तीन महिन्यांपूर्वीचं हे बिलकुल साफ आहे. एवढ्यात फुप्फुसं अशी होत नाहीत, ताई. हा आवाज यांचाच आहे ना?"

शफीक पुढं सरकला. पण प्रणालीच आधी बोलली. तिनं सगळं सांगितलं. बदली म्हणजे काय, टोकन म्हणजे काय, मुकादम काय म्हणाला होता, कुणाचा शर्ट कुणी घातला होता. सांगताना ती थांबली नाही. थांबली तर परत तोंड उघडणार नाही, हे तिला माहीत होतं.

तनवीरनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "आम्ही काढून टाकायला आलो नव्हतो हो," तो म्हणाला. "काम बदलून द्यायला आलो होतो. तेव्हाच धुळीतून काढलं असतं, तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"आता?"

"आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. कायमचं. संस्थेकडं थोडी आहेत. पण ती पहिल्या यादीतल्या माणसांसाठी. यांचं नाव घालायचं तर मला वर लिहावं लागेल, की पहिल्या वेळी दुसरा माणूस बसला होता." तो खाली बघत बोलत होता. "तसं लिहिलं, तर वरचे अख्ख्या यादीवरच शंका घेतील. किती जण असे बसले, कोण खरा आजारी. चौकशी होईपर्यंत सगळ्यांचं थांबवतील. औषधं, बाहेरचं काम, सगळं. मी तरी लिहितो, तुम्ही म्हणत असाल तर. तुम्ही सांगा."

शेडच्या दारातून अंगण दिसत होतं. दुर्गाबाई उन्हात बसून सरकी निवडत होती. पंप कमरेला, कापडी पिशवीत. तिच्या बाजूला आणखी चार-पाच जण. कुणीतरी काहीतरी म्हटलं, आणि दुर्गाबाई हसली. खोकली नाही.

प्रणालीनं धर्मपालकडे पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. मग तोंड मिटून डोळे बारीक केले.

तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. तुले काय जाते मान हलवाले, असं म्हणावंसं वाटलं. तिनं त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावायला घेतली. गुंडी काजात जाईना.

"नका लिहू," ती म्हणाली.

"वयनी!" शफीक म्हणाला.

"नका लिहू, डॉक्टर."

तनवीरनं मान खाली घातली. पिशवीतून तीन पंप काढले, बहुतेक त्याच्याकडे होते तेवढे सगळे, आणि तिच्या हातात दिले. अमरावतीच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. खाटेवर ऑक्सिजन मिळेल, म्हणाला, जागा असेल तेवढे दिवस. किती दिवस लागतील, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

मग त्यानं पुन्हा ती डबी हातात घेतली. "एकदा नीट भरून घेऊ का? नवीन नंबरावर. असा आवाज फार क्वचित... शिकणाऱ्या मुलांना ऐकवायला जपून ठेवावा लागतो." बोलून झाल्यावर त्यानं डबी परत पिशवीत ठेवायला घेतली. पण धर्मपालनं आपणहून शर्ट वर केला.

जिन बंद करावी लागली नाही. मशीनं चालूच नव्हती. त्या शांततेत तनवीर एक एक जागा बदलत गेला आणि मोबाइलवर रेघ धावत राहिली. मितू टेबलाला हनुवटी टेकवून ती रेघ बघत होती. तिनं बोटानं ती धरायचा प्रयत्न केला. तनवीरनं तिला धरू दिली.

परत जाताना ऑटोवाला डिझेल घ्यायला थांबला. शफीक पाणी आणायला उतरला. धर्मपालनं डोळे मिटून डोकं प्रणालीच्या खांद्यावर ठेवलं. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि काळ्या रिकाम्या जमिनीवर ऊन.

मितूनं आईचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं आणि विचारलं,

"आई, डॉक्टरनं बाबाचा आवाज जपून काहून ठेवला? बाबा त इथंच हाय ना?"